निगेटिव्हची पट्टी कापू नये

मी, मानसिंग दादू यादव, वय ७२, राहणार इस्लामपूर, धंदा वर्तमानपत्रांचा फोटोग्राफर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. सोमवारी सांगलीत हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, पण तसे म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. माणसांचे चेहरे टिपण्यात जन्म गेला, मला कळते. वयामुळे अक्षर वाईट आहे. डोके ठीक आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगी रेश्मा हिला. डार्करूम पाडून तिथे मोरी करायची जावईबापूंनी घाई करू नये.

२. दोन्ही कॅमेरे विकू नयेत. दर खंडेनवमीला पूजेला मांडावेत.

३. एकाच खड्ड्यात सात वर्षे झाड लावणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना ते सातही फोटो फ्रेम करून पोचवावेत. माझ्या फोटोखाली जन्मभर 'प्रतिनिधी' छापणाऱ्या संपादकांना काही नाही.

४. आता जे लिहायचे टाळत होतो ते. लोखंडी कपाटात, बिस्किटाच्या डब्यात निगेटिव्हची एक पट्टी आहे. ती माझ्या गावच्या बनाबाई अर्जुना पवार यांना द्यावी. पट्टी कापू नये.

कारण असे. १९९१ च्या खंडेनवमीला जुन्या हत्यारांवर पेपरचे पान निघणार होते. गावात पवारांच्या दोन पाती, म्हणजे भावकीच्या दोन शाखा; दोन्हींकडे एकेक तलवार. दसऱ्याला दोन्ही घरची माणसे आपापली तलवार घेऊन पालखीपुढे चालत. थोरल्या पातीच्या अर्जुनाकडे शिक्क्याची तलवार होती. शिक्का मुठीखाली, फोटोआधी घरच्यांखेरीज कोणी पाहिलेला नव्हता. मी दोन्ही घरी फोटो काढले. पेपरला जाणारे पाकीट पाचच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे होते. प्रिंट पालथ्या वाळत होत्या. उलटून न बघताच मी मागे नावे लिहिली. शिक्क्याची तलवार धाकट्या पातीच्या नावाने छापून आली.

वर्षभरात देवळात पूजेला ठेवलेल्या दोन्ही तलवारी चोरीला गेल्या. सापडली एकच, शिक्क्याची. दोन्ही पाती म्हणाल्या, आमची. पंचांनी कात्रण पुढे ठेवले आणि तलवार धाकट्या पातीला दिली. पालखीपुढचा मानही तिकडेच गेला.

अर्जुना माझ्या दारात आला. म्हणाला, "मानसिंगा, तू डोळ्यानं बघिटलंस रं. तेवढं पंचांस्नी सांग."

मी म्हणालो, "छापून आलंय तेच खरं."

चूक कबूल केली तर पेपर काम काढून घेईल, ही भीती. अर्जुनाने त्यानंतर दसऱ्याला घराबाहेर पाऊल टाकले नाही. नऊ वर्षांपूर्वी तो वारला. मी मातीला गेलो आणि तिथेही गप्प राहिलो. मी भित्रा माणूस आहे, हे इथे लिहून ठेवतो.

पट्टीवर चौदाव्या फ्रेममध्ये शिक्का दिसतो. पंधराव्यात तीच तलवार, आणि तिला ओवाळणाऱ्या अर्जुनाच्या पत्नी बनाबाई. दोन्ही शेजारी राहिल्या तरच तलवार कोणाची ते सिद्ध होते, म्हणून कापू नये. पट्टीला बुरशी धरू लागली आहे. रोज डबा उघडून बघतो, आणि उघडल्याने ओल लागेल याचीही धास्ती घेतो. बनाबाई ऐंशीच्या पुढे गेल्या. आधी पट्टी जाते, त्या जातात की मी, एवढेच मोजत बसतो.

५. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाले. तरी कृष्णातला मी मुद्दाम वाचायला दिला. हा अर्जुनाचा मुलगा. सोमवारी तोच मला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणार आहे. चौथे कलम त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "सही करतो, काका. पण आय अजून जित्ती हाय, आन् तुमीबी. मेल्यावर कशाला द्यायची?"

सही: मानसिंग दादू यादव
साक्षीदार: १. कृष्णात अर्जुना पवार
२. ॲड. पृथ्वीराज माने
स्थळ: इस्लामपूर. दिनांक: ४ ऑक्टोबर २०२४

सहीनंतरची टीप: कलम चौथे रद्द समजावे. पट्टी मी स्वतः घेऊन निघालो आहे. बनाबाई मला घरात घेतील की नाही, माहीत नाही. कृष्णातने गाडी चालू केली आहे.