तुझ्या नावचे पैसे

आणि भित्रा मला म्हणत होतास तू. आता ये आणि बघ, भित्रा रोज सकाळी कुठं उतरतो ते. गणपती बोळवून आलो होतो, गुलालानं तोंड भरलेलं, आणि तू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलास, "ढोरापाशी झोपून झोपून ढोर हुशील रे. घरात झोप की. छत काय खातंय व्हय तुला?" मी बैलाच्या दावणीपाशी घोंगडं टाकलं होतं. वर्षभर आपल्याकडची जमीन गुरगुरत होती. आधी सगळं गाव अंगणात झोपायचं, मग पावसाला न् डासाला कंटाळून एकेक जण आत गेला. मी तेवढा राहिलो. म्हणालो, "तू जा, मला हवा लागती." तू हसत दार लावून घेतलंस. आपलं भांडण तिथंच थांबलंय, गड्या. पहाटे भूकंपात घरं बसली तेव्हा बैल उभा होता आणि मी त्याच्या पायात.

दुपारपर्यंत आम्ही तुमच्या घराचे दगड उचलत होतो. तुझ्या बापाला काढलं, कमरेखाली गेलेला, पण जिता. मी तुला हाका मारत राहिलो होतो. तू ओ दिली नाहीस. मेलेल्या माणसावर राग धरू नये हे मला कळतं, पण एकदा तरी द्यायची होतीस. तुझी आई बाळंतपणाला देवणीला माहेरी गेली होती, म्हणून ती आणि तिच्या मांडीवरची तुझी बहीण राहिली.

शाळा मी त्याच साली सोडली. लातूरला हॉटेलात कपबशा विसळल्या, नांदेडला ट्रकवर क्लीनर झालो, विष्णुपुरीला धरणाकडं वाळू भरली. कुठंच टिकलो नाही. डोक्यावर स्लॅब आला की मला पळावं वाटायचं. आणि आता बघ, गाव सोडून इतक्या लांब, ठेकेदाराच्या हाताखाली, कोळशाच्या खाणीत. आत गेलो की आधी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन वरचं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर कामाला लागायचं, भद वाजलं तर मागं सरायचं. दिवसभर मान वर. संध्याकाळी बाहेर आलो की खोलीत न झोपता मी दारासमोर बाज टाकतो. सोबतचे हसतात, "याला खोलीचं भाडं कशाला मागता?" म्हणतात.

इथून मी कधीच पळालो असतो, पण तू अडकवलंस. तुझी बहीण दहावीला आली ना पहिली, तेव्हा तुझ्या आईनं, काकूंनी, मला भूकंपानंतरच्या वसाहतीतल्या घरी बोलावलं. म्हणाल्या, "पोरगी लातूरला क्लासला जायचं म्हणतीया. डॉक्टर व्हायचंय तिला. दादा गेला तवा सरकारनं दिलेलं तर ह्यांच्या दवाखान्यात कवाच गेलं. पर तिला म्या सांगितलंय, दादाचे पैशे बँकेत हायेत. कुनाच्या उपकाराखाली तिनं मान घालून बसाया नको, बाबा." मी मान डोलावली. का डोलावली ते तुला ठाऊक आहे, त्या रात्री "तू जा" मीच म्हणालो होतो. तेव्हापासून मी माझे पैसे काकूंच्या खात्यात टाकतो आणि काकू तिला पाठवतात. पोरगी समजते, दादा शिकवतोय. खाणीत मी उतरतो आणि नाव तुझं होतं.

परवा आत छत बसलं. आमच्यावर नाही, वाटेवर. आम्ही चौघं पलीकडं अडकलो. नुसती धूळ, टोपीवरच्या दिव्याचा उजेडही हातभर पुढं जाईना. एक म्हातारा कामगार म्हणाला, "बोलू नका, हवा वाया जाती." मी गुडघ्यात डोकं घालून बसलो आणि पहिल्यांदा मनात आलं, तुला कळत होतं का रे? माझ्या हाका येत होत्या का? मग दगडापलीकडून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी पहिल्याच हाकेला ओ दिली, इतक्या जोरात की म्हाताऱ्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर येऊन अंगावरचा कोळसा धुतला नव्हता तोवर तुझ्या बहिणीचा फोन. ती रडत होती. एका खोलीत सहा पोरी, भिंतीवर सगळी सूत्रं चिकटवलेली, दर रविवारी परीक्षा आणि दर रविवारी ही खालून पहिली. "भैय्या, मला न्हाई जमत हे. रात्री छातीवर कुनी बसल्यावानी होतंय."

"मग ये की घरी."

"कशी येऊ? दादाचा पैसा हाय. जीव देऊन ठेवलाय त्यानं. दुसऱ्या कुनाचा असता तर कवाच आले असते."

मी नुसता व्हय व्हय करत राहिलो. तिला काय माहीत, दुसऱ्याचाच आहे म्हणून. तुझ्या नावाखाली ती तिकडं दबली आणि मी इकडं, आणि दोघंही तुला वाईट वाटू नये म्हणून गप.

म्हणून आज पोस्टात गेलो. काकूंच्या खात्यात नाही टाकले, सरळ लातूरला तिच्या खोलीच्या पत्त्यावर मनिऑर्डर केली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. खाली दोन ओळी लिहिल्या, की पहिल्यापासून हे पैसे माझेच आहेत, दादाचे कधीच सरले. राहावं वाटलं तर राहा, यावं वाटलं तर तिकीट काढून ये, माझा राग नाही. काकू मला दारात उभं करणार नाहीत आता. तूही म्हणशील, माझं एवढं एक नाव होतं, तेही काढून घेतलंस.

हे तिच्यासाठी केलं असं मी सगळ्यांना सांगेन. तुला तेवढं खरं सांगतो, मलाच वर यायचं आहे. साडेतीन हजार पाठवलेत.