उष्णता उलटी कशी गेली

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, टेबलाखाली फुग्यांची खोकी असल्यामुळे आडवं व्हायला जागा नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? आम्ही मजेत आहोत असंच लिहिणार होतो, पण तुमच्यापासून काय लपवायचं? रविवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुम्ही याच हवामान कार्यालयातून निवृत्त झालात, म्हणून माझं दुखणं तुम्हालाच कळेल. आमच्या डोक्यावरून दर चार-पाच दिवसांनी हवेची एक लाट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. तिच्या एका अंगाला वारा गरम, दमट हवा घेऊन थंड मुलखाकडे निघतो, दुसऱ्या अंगाला तिकडची गार हवा इकडे येते. लाट आपल्या वाटेने निघून जाते, पण तेवढ्यात उष्णता इथली तिथे सरकलेली असते. ती किती सरकते हे मोजायचं काम माझं. वर्षभर वारा आणि तापमान मोजायला रोज दोन फुगे आकाशात सोडले (त्यातला एक शेजारच्या दवाखान्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींत अडकला, त्याचा लेखी खुलासा मी अजून देतोच आहे), आकडे मांडले, गुणाकार केले, आणि उत्तर काय यावं? आमची लाट उष्णता थंडीकडून उबेकडे नेते! मला वाटलं, मोठ्या बाई (आमच्या प्रमुख, तुमच्या वेळी नुकत्याच लागल्या होत्या) चांगल्या झाडतील. पण असं क्वचित कुठे घडतंही म्हणे, त्यामुळे बाई खूश. "अरे, शोध आहे हा!" म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी बाहेरच्या तज्ज्ञांपुढे त्यांचं यावर व्याख्यान आहे, आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही तेही त्याच दिवशी ठरणार. अडीच वर्षं कंत्राटावर काढली आहेत मामा, दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज करत.

रविवारी मोठ्या ऐटीत बायकोला हे समजावत होतो. आमच्या स्वयंपाकघराचं दार दोन्हीकडे ढकलता येतं. ते हलवून दाखवलं, की बघ, दार जिथल्या तिथेच, पण आतली ऊब बाहेर आणि बाहेरचा गारवा आत. ती शेगडीपाशी घाम पुसत म्हणाली, "मग तुमच्या कागदाप्रमाणे बाहेरची खोली आणखी गार व्हायला हवी आणि मी इथे आणखी शिजायला हवी. दार हलवल्यावर मला तर बरं वाटलं." झालं! मी दार सोडलं आणि वही उघडली. आपल्या खात्यात वारा जिकडून येतो ती दिशा वहीत लिहायची रीत, आणि गणिताला मात्र तो जातो कुठे ते लागतं. मधे एक उणे चिन्ह घालावं लागतं. ते मी घातलंच नव्हतं. सातशे तीस फुगे, मामा, सगळेच्या सगळे उलटे!

सांगायला गेलो नाही असं नाही. सोमवारी गेलो, तर बाई कुणा वार्ताहराला माझं कौतुक ऐकवत होत्या. मंगळवारी गेलो, तर आरशासमोर भाषणाचा सराव चालला होता. मला श्रोता म्हणून बसवलं आणि (लिहायलाही लाज वाटते) मी टाळ्या वाजवल्या. आज दारापर्यंत पोचलो, पण शिपायाने "काय काम?" म्हणून विचारल्यावर "स्टेपलर" म्हणालो आणि स्टेपलर घेऊन परत आलो. आता माझ्याकडे दोन झाले. गप्प बसलो तर बाईंची भर सभेत शोभा होणार, बोललो तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. मला रडू यायचं तेवढं बाकी आहे. तुम्ही वडीलधारे, काय ते सुचवा. मामींना नमस्कार.

तुमचा,
झोप उडालेला भाचा

ता. क. उगाच एवढी लांबण लावली. खरी गोष्ट अशी की ते गणित मी माझ्या डोक्याने मांडलेलं नाही. बाईंच्या बावीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधातून जसंच्या तसं उतरवलं, आणि उणे चिन्ह तिथेच नाही. त्या पानाखाली "तपासले, बरोबर आहे" असा शेरा आहे. सही तुमची आहे, मामा. तेव्हा एवढंच करा, सोमवारच्या आत बाईंना फोन करून चूक माझी म्हणून सांगा. म्हणजे तुमची. तुम्हाला आता कोण काढणार? पेन्शन परत घेत नाहीत, मी चौकशी केली आहे.

ता. क. २. पाकिटाला डिंक आणायला निघालो तर जिन्यात बाईच समोर आल्या, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. त्यांनी मला खोलीत नेऊन प्रबंध काढला आणि ते पान बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आणखी कुणाला सांगितलंस?" मी म्हणालो, मामांना पत्र लिहिलंय. "दे इकडे." सगळं वाचलं (आरशाचंसुद्धा). आता शेजारी उभ्या आहेत, आणि पुढचं त्या सांगतात तसं लिहितो आहे. व्याख्यान होणार, फक्त विषय बदलला आहे: बावीस वर्षं राहून गेलेलं उणे चिन्ह. भाच्याला काढता येत नाही, कारण त्याला काढलं तर मग आपल्या दोघांचं काय करायचं? गुरुवारी अकराच्या आत पोचावं. मंचावर तीन खुर्च्या ठेवल्या आहेत. मधली तुमची.