कोऱ्या कोपऱ्यांच्या चिठ्ठ्यांबाबत

मी, निरंजन गजानन कडू, वय ५७, वर्तमानपत्राचा वार्ताहर, राहणार लोधीपुरा, बऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. परवा इंदूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांचं काम छातीशी आहे. डोकं शाबूत आहे आणि त्यावर कोणाचा दबाव नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी सौ. ज्योत्स्ना हिची. संस्कृत पुस्तकं मुलगी पूर्णिमा हिने घ्यावीत. वाचावीत अशी अट घालत नाही. मला तिचा स्वभाव माहीत आहे.

२. स्कूटर पुतण्या गौरव याला. ती सकाळी लवकर सुरू होत नाही. तोही होत नाही.

३. आता ज्यासाठी कागद काढला ते. बैठकीतल्या कपाटाचे सहा खण, त्यांत कुराणातल्या अरबी शब्दांच्या चिठ्ठ्या.

बावीस वर्षांपूर्वी जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख पाहायला गेलो, तेव्हा तिथला अरबी लेख वदूद मास्तर वाचत होते. मदरशात अरबी शिकवायचे, घरी यंत्रमाग चालवायचे. मलाही शिकवा म्हटलं. "शिकवतो पंडितजी, पण जल्दी नाही करायची." मी केली. महिन्याभरात 'फातिर' या ईश्वराच्या नावावर लेख छापला. संस्कृत पाठशाळेच्या सवयीने आधी शब्दाचा धातू काढला. धातू चिरण्याचा, म्हणून 'चिरणारा' असं ठोकून दिलं.

मास्तरांनी लेख वाचला आणि माग बंद केला. "धातू पाहिला. माणसं पाहिली का?" मग सांगितलं: पैगंबरांच्या घराण्यातल्या एका थोर विद्वानालाही हा शब्द उमगत नव्हता. एकदा दोन वाळवंटी अरब विहिरीवरून भांडत त्यांच्याकडे आले. एक म्हणाला, "ही मी फतर केली," म्हणजे खोदायला सुरुवात मी केली. तेव्हा त्यांना कळलं: आधी काहीच नसताना आकाश-पृथ्वीचा आरंभ करणारा. तेवढ्या मोठ्या माणसाने दोन भांडणाऱ्यांकडून शब्द शिकून घेतला होता.

मग आमची रीत ठरली. शब्द कुराणातच आणखी कुठे आला ते सगळं टिपायचं. मग पैगंबरांनी तो कसा उलगडला ते. मग त्या काळच्या अरबांच्या बोलण्यात, काव्यात तो कसा येई ते. कोश सर्वांत शेवटी. एवढ्यावरही खात्री नसेल तर चिठ्ठीचा अर्थाचा कोपरा कोरा. असे चारशे बारा कोपरे कोरे आहेत. एका शब्दावर आम्ही अकरा महिने बसलो. शेवटी अख्खं कुराण पाठ असलेले मास्तर म्हणाले, "मला नाही माहीत, अल्लाहला माहीत," आणि चहा मागवला. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

४. गौरवचा राजपुऱ्यात छापखाना आहे. त्याला या चिठ्ठ्यांचा कोश छापायचा आहे. "काका, अर्थाची जागा रिकामी असली तर कोण घेईल? नेटवरून भरून टाकतो ना, दोन दिवसांचं काम." ज्या शब्दांवर माणसं रोज माथा टेकतात, त्यांचे अर्थ असे भरायचे नसतात. सबब खण त्याला मुळीच देऊ नयेत. राग नाही. ते 'दोन दिवस' मात्र विसरलो नाही.

५. सगळे खण मास्तरांची मुलगी राबिया हिला द्यावेत. ती शाहपूरच्या शाळेत शिकवते. काल येऊन दुपारभर चिठ्ठ्या चाळत बसली.

"घेते चाचा. कोऱ्या तशाच राहतील. पण तुम्ही भरलेल्यांतल्या काही मी खोडणार."

"किती?"

"आतापर्यंत नऊ दिसल्या."

ज्योत्स्ना आतून म्हणाली, "बाई, ह्यांना आधी का नाही भेटलीस!"

मी नऊही तपासल्या. सातांत राबियाचं बरोबर निघालं, आणि मला बापाच्या जागी मुलगी दिसली. उरलेल्या दोनांत तिचं मला पटत नाही. त्यांच्यासाठी इंदूरहून परत यायचा विचार आहे. न आल्यास तिने माझा अर्थ ठेवू नये, स्वतःचाही लिहू नये. ते दोन कोपरे कोरे करावेत.

वाचून, समजून सही केली.

निरंजन गजानन कडू

समक्ष सही करणारे:
१. समाधान महाजन, शाहपूर
२. अश्विनी चौधरी, राजपुरा

बऱ्हाणपूर, १४ नोव्हेंबर २०२४