एका हाताचा खेळ

३ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी खुशाली कळली. इथलं सगळं ठीक आहे, असं मात्र लिहवत नाही. आईनं या आठवड्यात पुन्हा डायलिसिस चुकवलं. चार तास छताकडे बघत पडायचं, त्यापेक्षा एकदाचं संपलेलं बरं, असं म्हणाली. मी लाँड्रीतलं काम टाकून धावत घरी आले, तिच्यावर रागावले आणि मग दोघीही रडलो.

काल तिनं अचानक तुझ्या जुन्या व्हिडिओ गेमची चौकशी केली. आठवतं? आपल्याला झोपवून ती एकटी ठोकळे रचत बसायची, आणि सकाळी तुझा उच्चांक मोडलेला पाहून तू भोकाड पसरायचास! तसे जुने गेम असलेलं, हातात धरायचं यंत्र हल्ली मिळतं म्हणे. एक निवडून पाठव. जेवणाची हयगय करू नकोस.

लोभ आहेच, त्याला पत्राचं खतपाणी घाल.

तुझी ताई

१४ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यंत्र पाठवलंय. दुकानातलं सगळ्यात मोठ्या पडद्याचं, दोन्ही बाजूंना ऐसपैस बटणं. आईला म्हणावं, आता खुशाल मोड माझे उच्चांक, मी रडणार नाही.

तुझा धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. यंत्र सुरेख आहे, पण एक गोष्ट आपल्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. डायलिसिस चालू असताना आईच्या डाव्या हातात सुया असतात, तो जराही हलवता येत नाही. एका हातानं धरू गेली, तर ते छातीवरच आपटलं. तिनं हसून बाजूला ठेवलं, पण घरी आल्याआल्या खोक्यात बंद करून टाकलं. आता पुन्हा जायचं नाही म्हणतेय. काहीतरी कर रे.

तुझी ताई

६ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून तडक दुकान गाठलं. डावा हात खिशात कोंबून एकेक यंत्र खेळून पाहिलं. दुकानदारानं हाताला काय झालं विचारलं. कारण कळल्यावर त्यानं आरामखुर्चीच पुढे केली, आडवं होऊन बघा म्हणाला. एक देखणं होतं, पण मनगट भरून आलं. एकाची बटणं दोन टोकांना. शेवटी हे उभं, साबणाच्या वडीएवढं घेतलं. ठोकळा फिरवायचं कामही बाणांच्या बटणालाच लावून दिलंय, म्हणजे एका अंगठ्यात सगळं भागेल. दोरी मनगटात अडकवून दे. कसं झालं ते लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझा धाकटा

१९ जुलै

चि. बाळास,

आईचे आशीर्वाद. हे पत्र मीच लिहितेय, म्हणजे तुझ्या ताईला तिखटमीठ लावता येणार नाही. यंत्र हातात छान बसलं. परवा नर्स सुया काढायला आली, तर मी तिला थांब म्हणाले. ठोकळे पार वर आले होते. बिचारी थांबली. मला तिथे आवडायला लागलंय असं समजू नकोस. पण जाते.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त ड्रायव्हर असतात. कधी कुणाशी बोलत नसत. त्याच दिवशी त्यांनी विचारलं, यात गाड्यांची शर्यत असते का. त्यांच्यासाठीही एक बघ. त्यांना बारीक दिसत नाही, आणि मोकळा हात डावा. ते सारखे गैरहजर असतात. यंत्र येईपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, अशी तंबी दिलीय मी त्यांना. तेव्हा जरा हात चालव.

तुझी आई