दुर्बीण सुखरूप आहे

तीर्थरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. मधल्या काळात तुमची दोन पत्रं आणि ताईचा फोन येऊन गेला (फोन हिने घेतला आणि मी झोपलोय असं सांगितलं, मी खरंच डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा त्यात खोटं काही नाही). तुमचा खोकला गेला का? ताईच्या गुडघ्याला ते नवं तेल लागू पडलं का? तिला म्हणावं, जिना उतरताना कठडा धरत जा, हातात पिशवी असली तर पिशवी टाक पण कठडा सोडू नकोस. माझी प्रकृती डॉक्टर म्हणतात बरी आहे. मला तसं वाटत नाही, पण ते शिकलेले आहेत.

दुर्बीण सुखरूप आहे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण तुमचा जीव तिच्यात अडकला असणार. तिच्यावर ओरखडा नाही, काचेवर डाग नाही. ती कोरड्या जागी, लोखंडी कपाटात, कुलपात आणि सरकारी पहाऱ्यात आहे. तुमच्या किंवा माझ्या घरी ती इतकी सुरक्षित कधीच नव्हती. समोरच्या बांधकामावर तुम्ही गॅलरीतून जी देखरेख करत होता ती माझ्यामुळे बंद पडली, याची मला जाणीव आहे. गवंडी तोंडात सिगारेट धरतो की पेन्सिल हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, असं तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलंत, ते वाचून मला दोन घास कमी गेले. आता ती दुर्बीण कुलपात कशी गेली हे क्रमाने सांगायला हवं. मला क्रमाने सांगता येत नाही हे तुम्ही जाणताच (माझी शाळा सातवीत सुटली आणि क्रम बहुधा आठवीत शिकवतात), तरी प्रयत्न करतो.

जावयाला कंपनीने जहाजाच्या सफरीचं बक्षीस दिलं. त्याला पाण्याची भीती, म्हणून त्याने आमची नावं घातली. आता आपल्याकडे प्रवास ठरला की पहिलं काम म्हणजे सामान मागून आणणं. चाकांची बॅग समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांची, कोट जावयाचा, थर्मास साडूचा, छत्री विहीणबाईंची आणि दुर्बीण तुमची. विकत घेतली ती फक्त नायलॉनची दोरी, केबिनमध्ये कपडे वाळत घालायला, आणि ती पहिल्याच दिवशी सफाईवाल्याने सोडवून नेली. दुर्बीण देताना तुम्ही मला बजावलं होतं की काचेला बोट लावायचं नाही, केबिनमध्ये ठेवायची नाही (केबिनची दुसरी किल्ली सफाईवाल्याकडे असते हे तुम्ही म्हणालात आणि दोरीच्या बाबतीत ते खरं ठरलं), गळ्यात घालायची आणि गळ्यातच ठेवायची. भाऊजी, मी ती जेवतानासुद्धा काढली नाही. टेबलावरच्या एका बाईंनी मला जहाजाचा कोणी अधिकारी समजून, आज वादळ येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, येऊ शकतं. त्यांनी जेवण अर्धवट टाकलं.

बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या दालनात सगळ्यांना बोलावून एका गणवेशातल्या मुलीने नियम सांगितले. गावात जायचे दोन मार्ग. एक, जहाजाच्या बसमधून, जहाजाच्या माणसाबरोबर. बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. दुसरा, आपलं आपण उतरायचं. मग उशीर झाला तर जहाज थांबत नाही. हे वाक्य ती हसत हसत म्हणाली, आणि तेच हसू चेहऱ्यावर ठेवून तिने बसच्या तिकिटाचा आकडा सांगितला. तो ऐकून हिने मांडीवरची पर्स उचलून काखेत घेतली. तेव्हाच मी समजलो की आम्ही आपलं आपण उतरणार.

आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. दर वाक्यात 'माझी ही सातवी सफर' म्हणायचे, म्हणून हिने त्यांचं नाव सातसफरी ठेवलं होतं. ते मला म्हणाले, "आजोबा, घाबरायचं काय त्यात? फिरा, खा, परत या. कस्टमवाल्याने काही विचारलं तर 'माझंच आहे' म्हणायचं. दुसरा शब्द नाही." मी विचारलं, आणि नसलं तर? हा प्रश्न त्यांना सात सफरींत कोणी विचारला नसावा.

सकाळी उतरलो. जिन्याच्या खाली पाटी होती, फळं, रोपं, बिया आणि माती बाहेर नेण्यास मनाई. आता ही न्याहारीच्या टेबलावरून रोज जमेल तेवढी फळं रुमालात बांधून घेते (पैसे भरलेत, असं तिचं म्हणणं, पैसे कंपनीने भरलेत, असं माझं). रुमालात सफरचंदं होती, केळी होती आणि एक मोठं संत्रं. शेजारी टाकायला पिंप होतं, पण अन्न टाकणं तिच्या रक्तात नाही. तेव्हा आम्ही दोघांनी धक्क्यावर उभं राहून, माणसं दोन्ही बाजूंनी जात असताना, ती सगळी फळं खाल्ली. संत्र्याची एक बी माझ्याकडून गिळली गेली. पाटीवर बिया असं स्पष्ट लिहिलेलं. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं की पोटातली बी नेलेली चालते का. त्याने मला पुन्हा सांगायला लावलं, मग त्याच्या जोडीदाराला हाक मारून त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं, आणि मग दोघांनी हसून जायला सांगितलं. पण लेखी काही दिलं नाही. तेव्हा परत येईपर्यंत मी पोटावर हात ठेवूनच फिरलो.

गाव कसं होतं असं तुम्ही विचाराल. मला सांगता येणार नाही. जहाज थांबत नाही हे वाक्य डोक्यात असल्यामुळे मी ठरवलं होतं की जहाजाचं धुरांडं दिसेल तेवढाच परदेश बघायचा. धुरांडं दिसेनासं झालं की मागे फिरायचं. त्यामुळे बंदराच्या भिंतीलगतचा रस्ता आम्ही पुष्कळ वेळा पाहिला. त्यावर बादल्यांचं एक दुकान आहे, टायरवाल्याचं एक आहे आणि एका बँकेची मागची बाजू आहे. बादल्यांच्या दुकानदाराने तिसऱ्या फेरीला आम्हाला बसायला स्टूल दिलं. पुढे चौकात म्हणे मोठा बाजार होता, लोक पिशव्या भरभरून तिकडून येत होते, पण तिथून धुरांडं दिसत नाही. ही म्हणाली, "अहो, दुर्बीण गळ्यात आहे ना, मग जरा लांब गेलं तर काय बिघडलं?" मी तिला समजावलं की दुर्बिणीने लांबचं दिसतं, भिंतीपलीकडचं दिसत नाही. शेवटी हट्टाला पेटून तिने स्टुलावर उभं राहून दुर्बिणीतून जहाज पाहिलं (काचेला बोट लावलं नाही, मी धरून होतो) आणि म्हणाली, धूर निघतोय की. पुढचं मला आठवत नाही. आम्ही धावत होतो एवढं आठवतं. धुरांड्यातून धूर निघणारच, हे मला फाटकाशी पोचल्यावर सुचलं. जहाज सुटायला तेव्हा बराच वेळ होता.

म्हणजे बघा, परत येणाऱ्यांत आम्ही सगळ्यांत पहिले. कस्टमच्या शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, चेहऱ्यावरून घरी कोणी आजारी असावं अशा. त्यांनी बॅगेकडे बोट करून विचारलं, "बॅग तुमची?" आता भाऊजी, सरकारी माणसाने विचारलेला प्रश्न. मी म्हटलं, नाही, पोस्टमास्तरांची. त्यांनी मान वर केली. सामान तुम्हीच भरलंत का? मी म्हटलं, मी भरलं होतं, पण हिने ते सगळं काढून पुन्हा भरलं. दुसऱ्या कोणी काही दिलंय का बरोबर न्यायला? इथे मी हिच्याकडे पाहिलं. ती डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण दिलेलं तर होतं. मी कोट जावयाचा, थर्मास साडूचा, छत्री विहिणीची, गळ्यातली दुर्बीण भाऊजींची असं एकेक सांगत गेलो, आणि बाई एकेक वस्तू टेबलावर मांडत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, यात तुमचं काय आहे? मी प्रामाणिकपणे शोधलं. चष्मा माझा होता. ही पटकन म्हणाली, "सगळं माझंच आहे हो, यांचं डोकं ठिकाणावर नाही." तेव्हा बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, आता या मालावर दोन म्हणणी झाली, हे मला इथे मिटवता येणार नाही. आणि आम्हाला आतल्या साहेबांकडे पाठवलं.

आतले साहेब डबा खात होते. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं. समोर काच होती, त्यातून शेड दिसत होती. बाजारातून लोक परतू लागले. बाई विचारत, तुमचं? लोक म्हणत, माझंच. बाई म्हणत, जा. सातसफरींची बायको आली, तिने सकाळी टोपी घातली नव्हती आणि आता घातली होती, आणि ती डोक्यावर न राहता एका बाजूने बाटलीसारखी उंच झाली होती. त्यांचंही सगळं त्यांचंच होतं. जाताना सातसफरींनी काचेतून आम्हाला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

साहेब माणूस चांगला. त्यांनी हात धुतले, जाडजूड पुस्तक काढलं आणि वस्तूंवरून बोट फिरवत बसले. वापरलेली छत्री, वापरलेला कोट, थर्मासला पोचा आलेला, या असल्या वस्तूंचा मालक कोण याची सरकारला पर्वा नाही, न्या म्हणाले. तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. हिने माझा दंड धरला. मी दुर्बीण उचलली, आणि साहेबांनी ती माझ्या हातातून घेऊन उजेडात फिरवली. तिच्या बाजूला कोरलंय ना, तुमच्या कार्यालयाने कोरून दिलेलं, तुमचं पूर्ण नाव आणि 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम'? साहेबांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे भाऊजी. जहाजावर आहेत? मी म्हटलं, नाही, घरी गॅलरीत. साहेब म्हणाले, "नावाची वस्तू इथे, नावाचा माणूस तिथे, आणि नेणारा स्वतः म्हणतोय माझी नाही. मी सोडली आणि उद्या ते गृहस्थ इथे येऊन भांडले तर?" मी म्हटलं, येतील. ते तसेच आहेत.

हे वाक्य मी बोलायला नको होतं असं ही म्हणते. पण मला तुमचा अभिमान वाटून ते निघालं. साहेबांनी लगेच दुर्बिणीला चिठ्ठी बांधली, कपाट उघडलं, आत ठेवली आणि कुलूप लावलं. दुसरा भोंगा झाला. मग आम्ही पळालो, बॅगेची चाकं मागे उड्या मारत होती. जिना वर घ्यायला खलाशी दोऱ्या सोडत होते. वरच्या सगळ्या मजल्यांवर माणसं कठड्याला टेकून आम्हाला बघत होती आणि टाळ्या वाजवत होती. आमच्या लग्नात वरातीला एवढी माणसं नव्हती. सातसफरी सगळ्यांत पुढे होते, हातात पेला घेऊन.

असं सगळं झालं. ताईला एकदम सांगू नका, जेवण झाल्यावर सांगा. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेहुणा

ता.क. साहेबांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. एक, तुम्ही स्वतः तिथे जाऊन दुर्बीण सोडवायची. दुसरी, तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं की 'ही दुर्बीण मी माझ्या मेहुण्याला प्रवासाच्या आधीच प्रेमाने आणि कायमची दिली होती', म्हणजे ती माझी वस्तू म्हणून माझ्या पत्त्यावर येईल. (प्रेमाने हा शब्द साहेबांचा नाही, पण असला तर बरं दिसेल.) समुद्राचा वारा तुमच्या खोकल्याला सोसायचा नाही, तेव्हा दुसरंच करावं. ते खरं नाही हे मला कळतं, आणि माझ्या हातून ते लिहवलं नसतं. पण तुम्ही मोठे आहात. तुम्ही लिहिलेलं खोटं वाटत नाही.

ता.क. २. रात्रभर विचार करून एक गोष्ट ध्यानात आली, ती न कळवणं बरं नाही. तुम्ही तसं लिहून दिलंत की दुर्बीण माझी झाली. मग मी ती तुम्हाला परत केली तर तुमचं लिहिणं खोटं ठरेल, आणि साहेबांनी आपल्या दोघांचेही पत्ते घेऊन ठेवलेत. तेव्हा ती माझ्याकडेच राहू द्यावी लागेल. तुम्हाला लागेल तेव्हा हक्काने मागून न्या. काचेला बोट लावू नका, आणि गळ्यात घालून ठेवा, एवढंच.

ता.क. ३. चामड्याचं कव्हर मात्र घरी आलं आहे. त्यावर तुमचं नाव नव्हतं. ही साहेबांना म्हणाली की हे माझ्या चष्म्याचं आहे, आणि त्या वेळी भोंगा एवढा मोठा झाला की मला मध्ये बोलताच आलं नाही. सध्या तिचा चष्मा त्यातच असतो, कारण बोललेलं खरं करायला हवं.

उत्तर लवकर पाठवा. समोरची इमारत तुमच्या गॅलरीच्याही वर गेली तर दुर्बीण येऊनही उपयोग नाही. नुसती वीट दिसेल, फक्त मोठी.