इस्त्री केलेले नमुने

८ जानेवारी
नोएडाच्या ऑफिसात रोबोचा हात आज दिवसभर चुकला नाही. कॅमेरा सरकत्या पट्ट्यावरचा कपडा पाहतो, प्रोग्रॅम रंग ठरवतो, हात तो त्या रंगाच्या पेटीत टाकतो. सांगायला तीन क्रिया. जुळवायला अख्खे वर्ष. लाल स्वेटर लाल पेटीत पडला की फरहान टेबल वाजवतो. पुण्यात माझ्या वर्गात बाक वाजवायचा. आता माझा भागीदार. पानिपतच्या गिरणीत चाचणी ३० तारखेला. कसोटीला उतरलो तर हात तिथे कायम. नाही तर आमचे दुकान बंद.

१४ जानेवारी
पानिपत. धुक्याने गाडी रखडली. हात गिरणीत बसवला. इथे जुने लोकरी कपडे रंगांनुसार वेगळे करतात, पिंजून त्यांचेच सूत काढतात. पुन्हा रंगवणे नको. केवढी सुंदर युक्ती!
पहिला गठ्ठा फोडला आणि हात गोंधळला. मरून काळ्यात, क्रीम राखाडीत. गिरणीचे मालक लालाजी चहा पुढे करत म्हणाले, "मैडमजी, आपका बच्चा घर से बाहर आके शरमा रहा है."

१५ जानेवारी
दिवे, भिंग, पट्ट्याचा वेग: एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. काही नाही. शेवटी ऑफिसातून सोबत आणलेला नमुन्याचा एक स्वेटर नाकाशी धरला. साबण! नमुने लालाजींनीच पाठवलेले. ते घरी गेले होते; फोन केला.
"हाँ जी, धुलवा के, प्रेस करवा के भेजे थे. आप लोगों के पास मैले भेजता क्या?"
पाहुणचारच तो. त्या इस्त्रीच्या कपड्यांचे हजारो फोटो आम्ही प्रोग्रॅमला दाखवले. धूळ आणि चुरगळ त्याने पाहिलीच नाही. मरूनच्या घडीत उजेड पोचत नाही, तेवढा भाग त्याला काळा. प्रोग्रॅम शिकवल्याप्रमाणेच वागला.
फ. : "मॅडम, 'नमुना कुठून, कसा आला ते आधी विचारा', तुमचाच पहिला तास ना?"
लालाजींकडून न धुतलेले गठ्ठे मागवले.

२१ जाने.
मळके गठ्ठे फ.च्या दिल्लीतल्या, मुनिरक्याच्या खोलीत. फोटो, रंगांची नावे, पुन्हा फोटो. घरमालकीण दारातून: "कबाड़ी का काम शुरू कर दिया, बेटा?" फ. : "आंटी, आपका शॉल भी दे दो." मरून सुधारला. क्रीम हट्टी. धुळीचा क्रीम आणि स्वच्छ राखाडी यांत कॅमेऱ्यापुरता फरक जवळजवळ नाहीच.

२७ जाने.
फ. : "चाचणीला धुतलेलेच चालवू या. पास तर होऊ. नंतर सुधारू, यार."
चाचणी कशाची असते, हे मी सविस्तर सांगू लागले.
"लेक्चर नको, मॅडम. नोकरी सोडून आलोय मी. आईला काय सांगू?"
हे त्याचे खरे आहे.

२८ जाने.
ठरले. मळकेच. मात्र एक बदल: खात्री नसेल तो कपडा रोबोच्या हाताने उचलायचा नाही, पट्ट्यावरून पुढे जाऊ द्यायचा. शंका नोंदवणे हेही यंत्राचे कामच. फ. नाराजीने मान हलवून कामाला बसला. बदल मात्र नेटका केला.

३० जाने.
चाचणी. गठ्ठा फ.नेच फोडला. लाल, निळा, मरून बरोबर. दोन हिरवे चुकले. मग एक कोट आला. हात वर थबकला, कोट पुढे गेला. आणखी काही तसेच गेले.
लालाजी : "ये क्यों छोड़ दिया?"
मी : "इसे पक्का नहीं पता, इसलिए."
"मशीन होके पता नहीं?"
फ. माझ्याकडे पाहीना.
लालाजींनी कोट उचलला, दाराशी उजेडात नेला, उलटा केला, नखाने धूळ खरवडली. "क्रीम है." मग बाही उजेडात फिरवली : "नहीं... रुकिए."
निर्णय सोमवारी कळवतील. आम्ही निघालो तेव्हाही कोट त्यांच्या हातातच होता.