गाडी चढ का चढत नव्हती

प्रिय खारुताई,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्या बाबाच्या गाडीखाली आडवी होते, म्हणून तो त्यानेच घेतला. 'मी छान आहे, काळजी करू नका' एवढं बोलून तू ठेवलास म्हणे. दवाखान्यातून घरी गेल्यापासून तुझं हे वाक्य काही बदललेलं नाही. मी गाडीखालूनच 'बरं झालं' म्हटलं आणि नट आवळत राहिले.

आता गाडीची तऱ्हा ऐक. तुझा बाबा लाकूड भरून निघाला की सपाटीवर ती गुणी पोरीसारखी चालायची आणि चढ आला की ढिम्म! मागचे लोक हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करायचे. कुठल्याशा गॅरेजवाल्याने मशीन लावलं, टर्बोचा दाब कमी दाखवतंय म्हणाला आणि अख्खा टर्बोच बदला असं सांगून मोकळा झाला. सख्खी बहीण मेकॅनिक असताना हा सुतार परक्या दारात गेलाच कसा, यावरून मी त्याचं डोकं खाल्लं. 'तुला कशाला त्रास,' असं त्याला वाटलं म्हणे. आपल्या घराण्याची खोडच आहे ही.

टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हे तुला माझ्या टायरांवर उड्या मारायच्या वयापासून ठाऊक आहे. मी त्याचं चाक हाताने फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरलं. हवेच्या नळ्यांना कुठे चीर नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून माझं दाब मोजायचं जुनं काट्याचं गेज नळीला जोडलं, सोबत माझंही मशीन लावलं आणि तुझ्या बाबाला पाण्याच्या टाकीचा चढ चढायला लावला. तो वाकून गेज बघायला लागला, तेव्हा मी त्याला पुढे बघ म्हणून दटावलं. काटा सरसर वर गेला. मशीनवरचा आकडा मात्र इंजिन बंद असताना होता तिथेच बसून! दाब मोजणारा सेन्सरच बिघडला होता, आणि त्याच्या आकड्यावरूनच गाडीला किती डिझेल द्यायचं ते ठरतं. काढला तर तोंडाशी तेलकट काजळी. पुसून पाहिला, तरी तेच. नवा बसवला आणि गाडी अशी चढली की तुझा बाबा वर पोचून उगाचच हॉर्न वाजवत बसला.

उतरताना त्याने विचारलं, आत एवढा दाब होता, मग त्या बिचारीला डिझेल का मिळत नव्हतं? मी म्हटलं, अरे, सेन्सर सांगत होता की सगळं शांत आहे. ते ऐकून गाडीचा कॉम्प्युटर तिला सपाटीवर निवांत चालायला पुरेल एवढंच देत होता. जास्त कोण कशाला देईल? एवढं बोलले आणि मला तुझं 'मी छान आहे' आठवलं. तुझ्या बाबाने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग धरूनच तुझं नाव घेऊन रडला गं. आमची आई गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता.

पोरी, तुझं बाळ गेलं. आणि आम्ही काय केलं, तर तुझं 'छान' ऐकून आपापल्या कामाला लागलो. जावईही बिचारे तुझा हसरा चेहरा बघून कामावर परतले. तू सांगितलंस तेवढंच आम्ही धरून चाललो आणि तेवढंच तुला दिलं.

तुझ्या बाबाने केलेला पाळणा त्याने मोडलेला नाही, चादर घालून ठेवलाय. त्याचं काय करायचं ते तू म्हणशील तेव्हा ठरवू, नाहीतर नाही ठरवणार.

फोन केला असता तर तू 'नको गं आत्या, मी छान आहे' म्हणाली असतीस आणि मी पुन्हा फसले असते, म्हणून हे पत्र. हे तुझ्या हाती पडेल तोवर आम्ही दोघं निघालेलो असू. तुझ्या घरापर्यंत सगळा चढच आहे, पण आता गाडीची काळजी नाही. स्वयंपाक करू नकोस, घर आवरू नकोस. दार उघडशील तेव्हा जशी असशील तशीच समोर ये.

तुझीच,
काळ्या नखांची आत्या